एक दाबा

माझा आवाज मिरजेत एका दुकानाच्या मागच्या खोलीत घेतला.
आढ्याला सतारीचे भोपळे टांगलेले,
पंखा बंद, दाराला सोलापुरी चादर,
आणि बाहुबली चौगुले घाम पुसत म्हणतोय,
"मॅडम, तो ‘का’ जरा खाली आणा.
विचारताय तुम्ही. उलटतपासणी नाही."

कागदावर होतं : आपण मद्यपान करता का?
हमालाला असं विचारलं
तर तो मागं वळून बघेल,
कुणाशी बोलतायत म्हणून.
मी वाचलं : घेता का?
किती? कुणाबरोबर? कुठल्या वारी हात सुटतो?
मग तो चौथा प्रश्न,
पुण्याहून आला तेव्हा दीड ओळीचं संस्कृत होता :
घेतल्यावर कुणाजवळ गेलात
तर निरोध आठवला, की राहिला?
अकरा वेळा घेतला तो.
दहाव्यांदा मला हसू फुटलं.
अकराव्यांदा नाही.

टॅब आता सांगलीच्या मार्केट यार्डात असतो,
हळदीच्या सौद्यामागं, वजनकाट्याला लागून.
दर गुरुवारी.
हेडफोनचे स्पंज कधीच पिवळे झालेत.
जतचे, कवठ्याचे, विजापूरकडचे ड्रायव्हर
मी समोर बसले असते तर चपलेकडं बघून म्हणाले असते,
तसलं काय नाय बाई आपलं.
काचेला मात्र सांगतात.
हळदीचं बोट, काचेवर ठसा :
हो. हो. आठवत नाही. हो.

‘आठवत नाही’ हे बटण मी भांडून घेतलं होतं.
सगळ्यात पिवळं तेच.

शेवटी काच ग्लासांची रास मांडते,
महिन्याचा आकडा लिहिते
आणि विचारते, म्हणजे मीच विचारते,
एक वार कोरडा ठेवायचा झाला तर कुठला?
रक्त तपासायचं असेल तर पडद्यापलीकडं सिस्टर आहेत,
त्या नाव विचारत नाहीत.
झालं. चार मिनिटं.
चार मिनिटांत काय होतं, असं ऑफिसात सगळे म्हणाले.
मीही म्हणाले.

फाल्गुनात विश्रामबागेत द्राक्षाच्या गाड्यावर
मी म्हटलं, "दोन किलो. देठ हिरवा बघून द्या,"
आणि शेजारचा माणूस थांबला.
बोटात टेम्पोची किल्ली, ती फिरायची थांबली.
"तुमीच का त्या?
शनवारी सातला फोन करता."

मी म्हटलं, ते मशीन आहे हो. आधीच भरून ठेवलेलं.

"म्हायतीय की. तरी मी बोलतो.
बायको म्हणली, कोण ही बाई?
तर स्पीकरवर लावला.
आता सात वाजले की तीच फोन आणून देती."
मग गाडीवाल्याला ऐकू जाणार नाही असं,
"मागचा शनवार हुकला.
पण दुसरं नाही हुकलं. ते खिशात हुतं."

नाव त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
द्राक्षं घेतली. सुटे नव्हते,
त्यानंच गाडीवाल्याला मोड दिली.

चाचणीसाठी पहिला नंबर माझा टाकला होता.
तो काढायचा राहून गेला.
शनिवारी सातला कुपवाडात माझ्या ओट्यावर फोन थरथरतो,
पिठाच्या हातानं उचलते,
आणि मी मला विचारते :
आज शनिवार. तुम्ही काय ठरवलं होतं?

मी कधी थेंब घेतला नाही.
तरी दर वेळी
गॅस बारीक करावा लागतो.

ठरवलेलं आठवत असेल तर एक दाबा.
आठवत नसेल,
तरी लगेच फोन ठेवू नका.

मी ठेवत नाही.